गोपीनाथरावांचं रोजचं वाक्य

मी भाषेचं तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणजे शिकवत होतो. एकतीस वर्षं लखनौच्या पोरांना शिकवल्यावर गेल्या जूनमध्ये विद्यापीठाने मला एक शाल, एक घड्याळ आणि दोन समोसे देऊन घरी पाठवलं. माणूस बोलतो तेव्हा तो नक्की काय करत असतो, हा माझा विषय. माझी बायको विभा म्हणते, ‘‘तुम्ही बोलता तेव्हा दुसऱ्याला बोलू देत नाही, एवढंच करता.’’ या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत इतका नेमका निष्कर्ष कुठेच नाही, आणि मी तो कुठे छापलेलाही नाही.

पण ही हकिगत माझी नाही. ती गोपीनाथराव कोहळे यांची आहे. मी अधूनमधून मध्ये कडमडेन, तेवढं चालवून घ्या.

लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर गोपीनाथराव, त्यांच्या डोक्यावर मी. जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला घासून वर जातो, त्यामुळे माझं येणंजाणं त्यांना दिसतं आणि त्यांची फोडणी मला कळते. माणूस मूळचा वरूडचा, अमरावती जिल्ह्यातला. ऐंशी साली तेविसाव्या वर्षी छावणीत नोकरीला लागला तो इथलाच झाला. नोकरी काय, तर फर्निचरच्या भांडारात भांडारपाल. फौजेतल्या साहेबांच्या बंगल्यांत सरकारी खुर्च्या-टेबलं-पलंग असतात. साहेबाची बदली झाली की सगळं मोजून ताब्यात घ्यायचं आणि नव्या साहेबाला मोजून द्यायचं. सदतीस वर्षं या माणसाने हेच केलं.

आणि कसं केलं, ते ऐका. यादीतला शब्द मोठ्याने वाचायचा, आणि वाचला की त्या वस्तूला हात लावायचा. ‘खुर्ची, जेवणाची, सहा’ म्हटलं की सहाही खुर्च्यांना हात. एकदा एका ब्रिगेडियरच्या बायकोला गाडी गाठायची घाई होती. ती म्हणाली, ‘‘भैया, सब है, आप साइन कर दीजिए.’’ हे म्हणाले, ‘‘जी मैडम, बिलकुल है. बस हाथ लगा लूँ.’’ आणि गेले माळ्यावर, तिथल्या मोडक्या स्टुलाला हात लावायला. बाई गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या. हे सांगताना गोपीनाथरावांना अजून हसू येतं. तेलीबागच्या बाजारात टमाटरसुद्धा ते असेच घेतात, एकेकाला हात लावून. आणि भाजीवाला ‘‘अंकलजी, इंटरव्यू ले रहे हैं क्या?’’ म्हणतो.

मी शब्द आणि वस्तू यांच्या नात्यावर दोन शोधनिबंध लिहिलेत. ते लिहिताना मी एकाही वस्तूला हात लावलेला नाही.

त्यांची बायको, अरुणाताई, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा ऋषभ गुरुग्रामला. महिन्यातून एकदा येतो, वडिलांचे पाय धरतो, फ्रिज भरतो, जातो. चांगला मुलगा आहे. विभा गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून पुण्यात आहे, आमच्या शर्वरीला जुळं झालं म्हणून. म्हणजे खाली एक एकटा म्हातारा आणि वर एक. फरक इतकाच, की खालचा स्वयंपाक करतो. वरचा ब्रेड खातो.

आता ते वाक्य.

मी रोज संध्याकाळी फिरून साडेसातला परत येतो. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आलो की खिडकीतून आवाज येणार, ‘‘जेवन झालं काय, सर?’’ आणि मी न थांबता, वर न बघता, किल्ली शोधत म्हणणार, ‘‘झालं, झालं!’’ साडेसातला या शहरात कुणाचंही जेवण झालेलं नसतं. माझं तर नसतंच. वर जाऊन मी दही-पोहे कालवणार, किंवा तेलीबागेतून बांधून आणलेल्या गार कचोऱ्या खाणार, नाहीतर फ्रिज उघडून नुसता उभा राहणार. पण ‘झालं, झालं’ असं दोनदा म्हणायचो. खोटं एकदा बोललं तर कमी पडेल अशी भीती असावी.

विभा गेली तेव्हापासून रोज. तेरा महिने. पाऊस असो, धुकं असो, आमच्याकडे लाइट गेलेली असो. मला त्याचं काही वाटायचं नाही. दार वाजतं, कुकरची शिट्टी होते, गोपीनाथराव जेवण विचारतात, हे सगळे मला एकाच जातीचे आवाज वाटायचे.

आणि मग प्रतिमाबाईंचा फोन आला.

प्रतिमाबाई आमच्या मराठी मंडळाच्या सचिव. नवरा रेल्वेत मोठा अभियंता, आणि मंडळ त्या रेल्वेसारखं नव्हे, वेळेवर चालवतात. म्हणाल्या, ‘‘सर, सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा दिन. तुम्ही बोला ना. पण यार सर, प्लीज, सोपं. मागच्या वर्षी तुम्ही बोललात तेव्हा लोक झोपले हो. आमचे हे तर घोरले.’’

मी म्हटलं, ‘‘प्रतिमाबाई, विषयच गहन होता.’’

‘‘हाँ, तेच. या वेळी गहन नको. रोजच्या बोलण्यातलं घ्या. उदाहरणं द्या, हसवा थोडं.’’

मला राग आला. म्हणजे मी हसवू शकत नाही असं हिला वाटतं! त्या रागातच चार दिवस उदाहरणं शोधत फिरलो आणि एकही सापडेना. पाचव्या दिवशी जिना चढताना खिडकीतून आवाज आला, ‘‘जेवन झालं काय, सर?’’ आणि मी तिथल्या तिथे थांबलो. मिळालं! अहो, शंभर टक्के रिकामं वाक्य! विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, देणारा खरं सांगत नाही, तरी दोघंही खूश. माहितीची देवाणघेवाण शून्य. असं शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळायचं नाही. मी इतका आनंदलो, की आनंदाच्या भरात, माणूस बोलतो तसं, खिडकीकडे बघून बोललो, ‘‘गोपीनाथराव, सत्तावीसला माझं भाषण आहे छावणीतल्या हॉलमध्ये. या हं!’’

ते म्हणाले, ‘‘किती वाजता, सर?’’

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. नुसतं म्हणायचं म्हणून केलेल्या आमंत्रणाची वेळ कुणी विचारतं का? मी म्हटलं, ‘‘सहाला,’’ आणि वर जाऊन टिपण काढायला बसलो. विसरूनही गेलो.

सत्तावीसला हॉल भरला होता. फौजेतले दोन कर्नल, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ, रेल्वेवाले, त्यांच्या पैठण्या नेसलेल्या बायका, आणि मागे खुर्च्यांवर मोबाइल घेऊन बसलेली पोरं, ज्यांना मराठी सगळं कळतं पण विचारलं की ‘‘हाँ, समझ में आ रहा है’’ म्हणतात. मी उभा राहिलो. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मी म्हटलं, ‘‘आता एक रिकामं वाक्य ऐका,’’ आणि गोपीनाथरावांची नक्कल केली.

नाव घेतलं नाही. तेवढा मी सभ्य आहे. ‘आमच्या खालचे एक गृहस्थ’ म्हटलं. पण खिडकीच्या गजाला धरलेले हात केले, मान वाकडी केली, आणि ‘जेवन’मधला तो ‘न’ असा काही ताणला की पहिल्याच रांगेत कर्नलसाहेब फुटले. हॉल हसला. एकतीस वर्षांत माझ्या एकाही व्याख्यानाला कुणी हसलेलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी पुन्हा केली. पुन्हा हसले. मग मी ‘झालं, झालं’ म्हणत पळत जिना चढणारा मीही करून दाखवला, आणि म्हटलं, ‘‘मंडळी, हा माणूस उत्तराची वाट बघतो का? मुळीच नाही! मी उद्या ‘हत्ती, हत्ती’ म्हणून वर गेलो तरी त्याला पत्ता लागणार नाही!’’ पोरांनी मोबाइल खाली ठेवले. मी तिसऱ्यांदा नक्कल केली. तिसरी नक्कल विषयासाठी नव्हती हो, ती माझ्यासाठी होती.

आणि तिसऱ्या नकलेच्या मध्ये मला ते दिसले. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर अरुणाताईंनी विणलेला करडा स्वेटर, आणि मांडीवर दुमडलेली टोपी. माझे हात अजून हवेत गज धरून होते.

गोपीनाथराव हसत होते. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, पण हसत होते.

पुढची वीस मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही. प्रतिमाबाई म्हणतात, उत्तम बोललात. चहाच्या वेळी ते स्वतःहून जवळ आले. ‘‘लय छान बोलले, सर. लोक खूश झाले.’’

मी म्हटलं, ‘‘चला, गाडी आहे, बरोबरच जाऊ.’’

‘‘नको सर, तुमाले उशीर होईन. मले ई-रिक्षा भेटते.’’

अहो, एकाच इमारतीत जायचं होतं! एकाच जिन्याला! मी गाडीतून निघालो, आणि छावणीच्या त्या मोकळ्या रस्त्यावर ई-रिक्षात मागे पाठ करून बसलेला करडा स्वेटर मला दिसला. मी हॉर्न वाजवला नाही. रिक्षाच्या मागे मागे, तिच्या चालीने, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेटत घरापर्यंत आलो आणि ते आत जाईपर्यंत कोपऱ्यावर थांबलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी लपायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दुसरी पायरी. खिडकीत दिवा. गोपीनाथराव कणीक मळत होते. वर बघून म्हणाले, ‘‘नमस्कार, सर.’’

बस.

मी म्हटलं, ‘‘नमस्कार,’’ आणि तिथेच उभा राहिलो, पुढचं येईल म्हणून. पुढचं आलं नाही. ते कणकेकडे बघत होते. वर जाऊन मी फ्रिज उघडला आणि बंद केला.

तिसऱ्या दिवशी ‘नमस्कार, सर.’ चौथ्या दिवशी ‘नमस्कार, सर.’ कुठे रुसवा नाही, तोंड फिरवणं नाही. लखनौत पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस. भांडला असता तर मी त्याला घरी बोलावून भांडलो असतो, पण अदबीशी कसं भांडायचं? मी तिथे मुद्दाम खोकायला लागलो. किल्ल्या वाजवायला लागलो. एकदा तर पायरीवर बसून बूट सोडून पुन्हा बांधला. शेवटी एके दिवशी कुणी न विचारताच मोठ्याने म्हणालो, ‘‘चला, अजून जेवायचंय!’’ आतून गोपीनाथराव म्हणाले, ‘‘हो, सर,’’ आणि नळ सोडला.

माझी अवस्था काय झाली, ते सांगायला लाज वाटते. मला संध्याकाळी फिरायला जावंसं वाटेना. गेलो तर परत यावंसं वाटेना. होळी आली, कॉलनीत गुजिया, म्हणजे इथल्या करंज्या, वाटल्या, रंग झाले. गोपीनाथरावांनी कपाळाला गुलाल लावला, गळाभेट घेतली, तरी ते वाक्य नाही. तेरा महिने ज्याला मी आवाज समजत होतो, तो बंद झाल्यावर मला घरात करमेना. सरळ सांगतो, मला रडू येत होतं. एका प्रश्नासाठी, ज्याला मी कधी खरं उत्तर दिलं नव्हतं.

मग मी माफी मागायचं ठरवलं. आता माफी ही माझ्या विषयातली खास गोष्ट. माफी कधी लागू पडते, तिच्या अटी काय, मनापासून नसेल तर ती माफी ठरते का, यावर मी तीन तास शिकवायचो. तेव्हा मी कागद घेतला आणि पत्र लिहिलं. पहिला मसुदा दोन पानी. दुसरा चार पानी, कारण ‘रिकामं’ या शब्दाने मला नक्की काय म्हणायचं होतं हे स्पष्ट करणं गरजेचं होतं. तिसऱ्यात तळटीप आली. तो मी विभाला फोनवर वाचून दाखवला.

ती मध्येच म्हणाली, ‘‘अहो, हे माफीचं पत्र आहे की त्यांनी परीक्षेला बसायचंय?’’

‘‘मुद्दा समजून घे, विभा.’’

‘‘मुद्दा मला कळलाय. तुम्ही चारचौघांत त्यांच्या बोलण्याची टिंगल केलीत. आणि ते ‘न-ण’चंसुद्धा केलंत ना? खरं सांगा.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘केलंत,’’ ती म्हणाली. मागे एक नातू किंचाळत होता. ‘‘खाली जा, आणि तोंडाने बोला. कागद वर ठेवून जा.’’

गेलो. कागद वर ठेवला, पण पाठ झाला होता. आठ वाजता घंटी वाजवली. गोपीनाथरावांनी दार उघडलं. हाफ स्वेटर, खांद्यावर पंचा. ‘‘या सर, बसा.’’ खोली नीटस. भिंतीला लावून जेवणाचं छोटं टेबल, त्याला दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

मी उभ्यानेच सुरू केलं. ‘‘गोपीनाथराव, त्या दिवशी भाषणात मी जे बोललो...’’

‘‘छान झालं, सर.’’

‘‘नाही, छान नाही. मी तुमची नक्कल केली, ते चुकलं. लाजिरवाणं होतं. माफ करा मला.’’

इथे मी थांबलो असतो तर माणूस म्हणवून घेण्याच्या लायकीचा ठरलो असतो. पण सवय! मी पुढे बोललो. रिकामं म्हणजे निरुपयोगी नव्हे. काही वाक्यं माहिती देण्यासाठी नसतात, नुसतं नातं राखण्यासाठी असतात. त्या अर्थाने तुमचं वाक्य फार मोलाचं होतं, वगैरे वगैरे. सात-आठ मिनिटं. माफी मागायला गेलो आणि दुसरं व्याख्यान देऊन बसलो. या वेळी श्रोता एकच होता आणि तो पंच्याला हात पुसत शांतपणे ऐकत होता.

माझं संपल्यावर म्हणाले, ‘‘मंजे विचारायचं नाही, असंच ना, सर?’’

‘‘अहो, नाही! उलट विचारा. रोज विचारा.’’

‘‘पन तुम्ही म्हटलं, की विचारनारा उत्तराची वाट पाहत नाही.’’

‘‘म्हटलं खरं.’’

‘‘मी पाहत होतो,’’ गोपीनाथराव म्हणाले.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. काय सांगू तुम्हाला, त्याही क्षणी माझ्यातला मास्तर जागा झाला! ‘‘म्हणजे ते आमंत्रण होतं!’’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘‘प्रश्नाच्या रूपातलं आमंत्रण! मी ‘नाही’ म्हटलं असतं तर तुम्ही मला जेवायला बसवणार होतात. आणि मी मूर्ख, रोज ‘झालं’ म्हणून...’’

‘‘नाही, सर,’’ ते म्हणाले. जरा ओशाळले. ‘‘जेवाले कुठून बोलवू? मलेच एकट्याचं करायचा कंटाळा येते. कधी कधी नुसतीच भाकर नि ठेचा असते.’’

‘‘मग विभाने सांगितलं असेल. जाताना. माझ्यावर लक्ष ठेवा म्हणून?’’

‘‘वहिनी काहीच नाही बोलल्या.’’

माझे सिद्धांत संपले. मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि त्या खुर्चीवर बसलो. तेही समोर बसले. बराच वेळ टेबलाची कड चाचपत होते.

‘‘कसं हाय, सर,’’ ते म्हणाले, ‘‘सकाळी दूधवाला येते, त्याच्याशी हिंदी. बाजारात हिंदी. बँकेत, दवाखान्यात हिंदी. ऋषभचा फोन येते, मी मराठीत विचारतो, थो हिंदीत सांगते. मग मीबी हिंदीतच बोलतो, फोन लवकर होते. अरुणा होती तवा घरात मराठी होतं. भांडन होतं, पन मराठीत होतं. थे गेली, मंग वहिनी जिन्यात दोन शब्द बोलत होत्या, थ्याबी पुन्याले गेल्या. आता दिवसभरात मराठी बोलाले मानूसच नाही. संध्याकाळी तुम्ही जिना चढता, तेवढंच. आता तुम्ही एवढे शिकलेले. तुमच्यासंग काय बोलावं, मले काही सुचे नाही. म्हून तेच विचारत होतो.’’ मग थांबून म्हणाले, ‘‘भाषनात लोक त्यालेच हसले, तवा मले वाटलं, हे काही मराठी नसन बरोबर. म्हून बंद केलं.’’

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मांडीवरच्या वर्तमानपत्रावर बघत राहिलो, तेही हिंदीच होतं. त्या माणसाला दिवसाकाठी मराठीचं एक वाक्य मिळत होतं, आणि मराठी भाषा दिनाला, हार घालून घेऊन, मी ते बंद पाडलं होतं.

बोलायला तर हवं होतं. तो माणूस मराठी बोलण्यासाठी तेरा महिने खिडकीत उभा होता आणि आता मी समोर बसलो होतो, हातात वेळच वेळ. आणि मला एक वाक्य सुचेना! तत्त्वज्ञान नव्हे, नक्कल नव्हे, साधं वाक्य. हवा बरी आहे, म्हणू? मटार स्वस्त झालाय, म्हणू? ‘काही सुचे नाही’ म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. शेवटी कसंबसं विचारलं, ‘‘वरूडला तुमची संत्र्यांची बाग होती का हो?’’

‘‘होती ना!’’ गोपीनाथराव खुर्चीत पुढे सरकले.

आणि मग ते बोलायला लागले. वडिलांची दीडशे झाडं. आंबिया बहार, मृग बहार, असे फळाचे दोन हंगाम. झाडाला पाणी तोडून ताणावर कसं सोडायचं, मग पाणी दिल्यावर आठवड्याभरात फुलं कशी फुटतात, त्या वासाने आई कशी डोकं दुखतं म्हणायची. मी मध्ये बोललो नाही. विभाला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. बोलता बोलता ते उठून उभे राहिले, हातांनी झाडाचा घेर दाखवायला लागले. ‘‘आणि फळ धरलं ना सर, की फांदी अशी खाली येते. जमिनीले टेकते. मोडून जाईन. म्हून तिच्याखाली थे बांबूचं लावतात. बेचकं असते वर. वो क्या कहते हैं... थे असं खालून देतात, फांदी त्याच्यावर ठेवतात. त्याले...’’

थांबले.

दोन्ही हात हवेत, न दिसणारी फांदी तोलून धरलेले. चेहरा आक्रसला. ‘‘त्याले काय म्हनतात, सर?’’

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे द्राक्षं. ‘‘टेकू?’’ मी म्हटलं.

‘‘टेकू नाही. टेकू घराले. त्याचा अलग शब्द हाय. लहानपनी मीच लावत होतो. रोज बोलत होतो तो शब्द.’’ ते पुन्हा पुटपुटले, जिभेवर काहीतरी फिरवून पाहिलं, नाही आलं. हात खाली आले. ‘‘अरुणाले माहीत होता,’’ ते म्हणाले. ‘‘थे आमच्या शेजारच्याच गावची. तिले विचारलं असतं तर तिनं चटकन सांगतलं असतं.’’

मग ते आत गेले, आणि दोन ताटल्यांत भाकरी, ठेचा आणि मुळ्याची कोशिंबीर घेऊन आले. विचारलं नाही. ताटली समोर ठेवली. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि नाकातही आलं, तेव्हा गोपीनाथराव अनेक दिवसांनी मोकळं हसले.

निघताना म्हणाले, ‘‘आठवला की सांगतो, सर.’’

या गोष्टीला आता महिना होत आला. मी रोज साडेसातला येतो. खिडकीतून आवाज येतो, ‘‘अजून नाही आठवला, सर!’’ मी म्हणतो, ‘‘मलाही नाही!’’ आणि पायरीवरून खाली उतरून त्यांच्याकडे जातो, कारण न आठवण्यावरून बोलण्यासारखं पुष्कळ असतं. एक-दोनदा त्यांनी जवळचे शब्द काढले, मोठ्याने म्हणून पाहिले, आणि नापास करून टाकले.

प्रतिमाबाईंच्या मंडळात वरूड-मोर्शीकडची तीन कुटुंबं आहेत. एक फोन केला तर दोन मिनिटांत शब्द मिळेल. मी कुणालाही विचारलेलं नाही.